बंदूक जमा, डुकरं मोकळी

ऑक्टोबरची एकोणतीस तारीख होती अन् मी ओसरीत बसून बंदूक पुसून राहिली होती. नळीवर दसऱ्याचं कुंकू होतं, ते आधी काढलं, कारण मागल्या निवडणुकीत ठाण्यातला हवालदार म्हणाला होता, बाई, ही बंदूक आहे, देवी नाही.

माहेर माझं अड्याळकडचं, सासर इकडं करडीच्या बाजूले, दोन्हीकडे धानच. बोडीच्या तळ्यामागं आमच्या धानाच्या चार बांद्या, त्याले लागून जंगल. सासऱ्यानं पीक राखायच्या परवान्यावर ही भरमार घेतली, बारूद ठासून एक बार काढला का रानडुकरं पळत. सासऱ्यामागं नवरा, नवऱ्यामागं मी. परवाना नावावर करायले गेली तर साहेब म्हणे, बाईमाणसाले बंदूक कायले? मी म्हटलं, डुकरं काय बांदीत बाई आहे का माणूस ते पाहून येतात? झाला परवाना, पण चकरा मारून चपला झिजल्या.

नियम नको असं मी म्हणत नाही. माझ्या दिरानंच एकदा बांधाच्या भांडणात दारू पिऊन हीच बंदूक चुलतभावावर रोखली होती. तेव्हापासून बारूद माळ्यावर अन् बार उडवायच्या टोप्या तांदळाच्या कोठीत. दीर म्हणे, वहिनी, माझ्यावर इस्वास नाही? मी म्हटलं, नाही.

पण काय सांगू जी तुम्हाले, निवडणूक लागली का आचारसंहिता, अन् बंदूक ठाण्यात. मागल्या खेपेस जमा केली अन् दोन बांद्या डुकरांनी लोळवल्या. म्हणून या वेळी आधीच अर्ज घेऊन कचेरीत गेली, धान कापेपर्यंत तरी राहू द्या म्हटलं. बाबू म्हणे, मावशी, बंदूक तुमचा हक्क नाही, सरकारनं दिलेली परवानगी आहे, संविधानात कुठं लिहिली आहे सांगा. मी म्हटलं, जगायचा हक्क लिहिला आहे ना, मी धानावरच जगते. तो हसला. मागं गावचा ठेकेदार उभा होता, कमरेले पिस्तूल, त्याचा अर्ज मंजूर, का तर जिवाले धोका. कोणापासून, ते मी विचारलं नाही. तो म्हणे, काकी, डुकरांले मतदानाच्या चिठ्ठ्या वाटा, एक दिवस तरी तिकडं जातील. सगळे हसले. माझा अर्ज नामंजूर.

तर त्या दिवशी बंदूक पुसली, नवऱ्याच्या जुन्या धोतरात गुंडाळली, एसटीनं नेली, जमा केली, पावती घेतली. मत मी देईन, तो हक्क आहे म्हणतात. परत येताना बांधावर डुकरांचे ताजे खूर दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेतला. भारी धान, उशिरा पिकणारं, दाणा अजून दुधातच होता. जंगलाकडची बांदी तशीच हिरवी कापली अन् बैलांपुढे टाकली. निदान खाणारे आपले तरी होते.