पाण्याखाली ही, पाण्यावर मी

…आणि वर मलाच म्हणते, "सोडा, काका, सोडा." अहो, काय सोडू? तुम्हाला सांगतो, छातीइतक्या पाण्यात मी उभा, अंगात तो रबराचा काळा पोशाख, जो चढवायला अर्धा तास लागला आणि चढवल्यावर मी गुंडाळून ठेवलेल्या गादीसारखा दिसायला लागलो. समोर माझी बायको पाण्यात पालथी, तोंड खाली, हातपाय सैल, हालचाल नाही, श्वास नाही, पावणेदोन मिनिटं होऊन गेलीत… आणि ही शिकवणारी मुलगी मला सांगते, खांदे सोडा! बायको अशी पालथी तरंगताना बघून जो नवरा खांदे सोडतो ना, त्याच्यावर पोलिसांनी नजर ठेवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबा. असं मधूनच ऐकलंत तर तुम्हाला वाटेल, मी हिला बुडवायलाच नेलं होतं. पहिल्यापासून सांगतो. चूक डॉक्टरांची आहे.

माझं काम बॉयलरचं. इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, डॉक्टर लोकांचे कोट, सगळं धुवायला आणि वाळवायला वाफ लागते, ती वाफ मी देतो. सत्तावीस वर्षं झाली. काम काय, तर काटा बघायचा. काटा हिरव्यात असला तरी बघायचा, तांबड्याकडे सरकायला लागला की झडप उघडायची, वाफ सोडायची, मिटलं. सत्तावीस वर्षांत एकदाही तो तांबड्यात गेला नाही, का? तर आता जाईल, मग जाईल म्हणून मी सारखा धास्तावलेला असतो म्हणून. लोक म्हणतात, तुमचा स्वभावच घाबरट. अहो, स्वभाव कसला, हुद्दा आहे तो! आता हुद्दा घरी आणू नये, मान्य. पण मी कुलूप लावून जिना उतरतो, अर्ध्यातून परत चढतो, गॅस बघतो, पुन्हा कुलूप, ओढून बघतो, आणि ही तोवर खाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारत असते.

तर डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आणि मी काट्याकडे बघायला लागलो. चढला की हो! डॉक्टर म्हणाले, "काट्याकडे बघू नका, बघितलंत की आणखी चढतो." काट्याकडे बघू नका? मला? मग मी कुठं बघू? शेवटी त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळ्या घ्याच, पण श्वासही शिका. पोहण्याच्या तलावावर एक मुलगी शिकवते, एका श्वासात पाण्याखाली जाणाऱ्या लोकांना. पाठीवर हवेचं नळकांडं नाही, काही नाही. ती माणसं इतकी शांत असतात की बघून झोप येते." मी म्हटलं, मला पाण्याखाली नाही जायचं. तर म्हणाले, "तुम्ही वरच राहा हो, नुसता श्वास घ्या."

आमची ही सोबत आली ती टॉवेल धरायला. हे लक्षात ठेवा, टॉवेल धरायला.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान. तिला तिथं सगळे कासवताई म्हणतात. बोलते पण तशीच, एक वाक्य संपेपर्यंत चहा निवेल. "पोटानं… श्वास घ्या, काका… चार मोजून… आत… आठ मोजून… बाहेर. बाहेर सोडायला जास्त वेळ लावला की… शरीराला कळतं… धोका नाही." शरीराला कळतं! माझ्या शरीराला मी छप्पन्न वर्षं ओळखतो, त्याला काही कळत नाही. चार मोजून आत घेतला, सोडला, पाच म्हणेस्तोवर संपला. आता उरलेले तीन कुठून आणू? काठावर सगळ्यांना आडवं करून पोटावर पुस्तक ठेवायला लावलं, श्वासाबरोबर वर गेलं पाहिजे. माझं घसरून शेजारच्या बाईंच्या कानावर. "सोडा, काका, सोडा." अहो, सोडलंच की मी, तेच पडलं!

आणि सहज मान वळवून बघतो तर काय, आमची ही टॉवेल उशाला घेऊन आडवी, पोटावर कुणाचा तरी जाडजूड शब्दकोश, आणि तो शब्दकोश सावकाश वर… सावकाश खाली… कासवताई तिच्या शेजारी जाऊन बसली आणि बघतच राहिली. तिसऱ्या आठवड्यात ही तलावात दोन मिनिटं श्वास धरून होती, आणि टॉवेल माझ्या हातात.

आता हिचं ऐका. ही एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गावर. एका वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. बाई, ह्यानं मला चिमटा काढला. बाई, माझं दप्तर. बाई, मला शू. घरी आली की मी आहेच, "गॅस बंद केलास ना?" त्या दिवशी पाण्यातून वर आली, केस निथळतायत, आणि मला म्हणाली, "अहो, खाली कुणी बाई म्हणत नाही. मी पहिल्यांदा एक विचार पुरता केला, मध्ये न तुटता." मी विचारलं, कसला विचार? तर म्हणाली, "ते तुम्हाला कशाला?" पण चेहरा असा झाला होता की मी पुढं विचारलंच नाही.

तिला समुद्रावर जायचं होतं. कासवताई महिन्याअखेर होडीनं नेते लोकांना, दोर धरून खाली, मासे बघायला. पण त्याआधी तलावात परीक्षा. तीन मिनिटं. आणि त्यांचा एक नियम आहे, पाण्याखाली कुणी एकटं जायचं नाही. वर जोडीदार हवा. त्यानं नजर हलवायची नाही. ठरल्या वेळेला खांद्यावर टिचकी मारायची, खालच्यानं बोट वर करायचं. बोट नाही आलं, पुन्हा टिचकी. तरी नाही, तर तोंड पाण्याबाहेर काढायचं. आणि ती आपणहून वर आली की आधी श्वास घेणार, मग अंगठा आणि बोट जुळवून दाखवणार, मग "मी ठीक आहे" म्हणणार, आणि हे सगळं जोडीदारानं बघायचं. तोवर टिचकीपलीकडे हात लावायचा नाही. लावला, तर परीक्षा बाद. संधी तीन.

ही म्हणाली, "माझे जोडीदार हे." कासवताईनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भरभर बोलली, "नक्की का?"

पहिली संधी तुम्ही ऐकलीतच. पावणेदोन मिनिटांनंतर हिचं पोट हिसके द्यायला लागलं. मला आधी सांगून ठेवलं होतं, असं होतं, शरीर कुरकुर करतं, हवा संपलेली नसते. सांगितलं होतं हो! पण सत्तावीस वर्षं… भांडं थरथरायला लागलं की माझा हात झडपेवर जातो. "सोडा, काका, सोडा," म्हणेपर्यंत मी काखेत हात घालून हिला उपसून बाहेर काढलं होतं. हिनं माझ्याकडे बघितलं. खडू खाणाऱ्या मुलाकडे बघतात तसं.

दुसरी संधी, पुढच्या शनिवारी. मी ठरवलं, उचलायचं नाही. मरू दे, पण उचलायचं नाही… म्हणजे, मरू दे नाही, तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते. तर उचललं नाही. टिचकी मारली. बोट वर आलं, बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा मारली. पुन्हा बोट. दहा सेकंद गेले, दहा सेकंदांत काय होत नाही? मारली. चौदा झाल्या. शेवटची दोन बोटं वर आली ती जरा रागानंच आली. दोन मिनिटं दहा सेकंदांना ही उभी राहिली, पोहण्याचा चष्मा काढला आणि म्हणाली, "वर्गातसुद्धा इतक्यांदा हाक मारत नाहीत हो."

घरी गेल्यावर हिनं पोशाख धुतला, दोरीवर टाकला, त्याचं पाणी गळत होतं तिकडे बघत बसली. मग म्हणाली, "राहू दे. मी काही जात नाही समुद्रावर. उगाच तुमच्या जिवाला घोर." रागावून नाही म्हणाली, तेच वाईट. मला लाज वाटली, तुम्हाला सांगतो. हिनं तीस वर्षांत स्वतःसाठी म्हणून एक गोष्ट मागितली, आणि मी तिच्यात चौदा टिचक्या मारल्या.

मग मी मनावर घेतलं. आठवडाभर बॉयलरसमोर उभा राहून चार आत, आठ बाहेर. आठ बाहेर सोडताना दातांतून स्स्स्स आवाज यायचा, तर आमचा फिटर पाना घेऊन धावत आला, "कुठं गळतंय? कुठं गळतंय?" सगळे जोड तपासले त्यानं, सगळे नळ. त्याला सांगणार काय, मीच गळतोय म्हणून? चौथ्या दिवशी आठपर्यंत पोचलो. पाचव्या दिवशी खांदे खाली आले, ते खाली येतात हेच मला माहीत नव्हतं.

तिसरी संधी. शेवटची. ही पालथी झाली. चार आत, आठ बाहेर. एक मिनिट, टिचकी, बोट. चार आत, आठ बाहेर. दोन मिनिटं, बोट. पोटाचे हिसके सुरू झाले, मी आपला आठ बाहेर. अडीच, टिचकी, बोट. कासवताई माझ्याकडे बघून हसली, सोडा म्हणायचं कामच उरलं नाही. आणि काय सांगू तुम्हाला… कुठं काही दुखत नव्हतं. मागे घरी काही उघडं राहिलं नव्हतं. पाणी छातीला हळूच लागत होतं, छपराखालच्या दिव्यांचा उजेड पाण्यात हलत होता, आणि मला वाटलं, अरे, बाकीची माणसं अशी जगतात होय?

डोळे मिटले नव्हते हो मी. नुसते टेकले होते.

तीन मिनिटं चोवीस सेकंद! कासवताई हाताच्या अंतरावर होती म्हणून, नाहीतर… ही आपणहून वर आली, श्वास घेतले, अंगठा-बोट जुळवून माझ्यासमोर धरलं, "मी ठीक आहे" म्हणाली, आणि समोर जोडीदार डोळे मिटून गालात हसतोय. जोडीदारानं बघितलं नाही. परीक्षा बाद.

मला वाटलं, आता ते खडूवालं बघणं. तर नाही. हिनं माझे दोन्ही दंड धरून मला गदागदा हलवलं. "अहो! काय होतंय तुम्हाला? अहो!" तोंड पांढरंफटक. तीस वर्षांत मी हिला घाबरलेलं बघितलं नव्हतं, तुम्हाला सांगतो. मी म्हटलं, काही नाही गं, शांत झालोय. तर म्हणाली, "शांत? मला वाटलं, गेलात!"

मग पायऱ्यांवर बसली, टॉवेल गुंडाळून, आणि रडक्या आवाजात म्हणाली, "खाली मी निवांत असते ती कुणाच्या जिवावर? वर तुम्ही घाबरलेले असता म्हणून. तुम्ही घाबरायचं सोडलंत तर मला घाबरावं लागेल, आणि मला ते येत नाही हो. कधी शिकायची वेळच नाही आली."

हिच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

कासवताईनं हे सगळं ऐकलं. नियमात नव्हतं तरी तिनं चौथी संधी दिली, आणि पाण्यात उतरताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका… आज… नका सोडू." नाही सोडलं. तीन मिनिटं दहा सेकंद दातावर दात वाजत होते, पापणी हलू दिली नाही, हात पाठीमागे धरले होते आणि ठरलेल्या वेळेलाच तेवढे पुढं आणले. ही वर आली, श्वास, बोट, "मी ठीक आहे." बघितलं मी. सगळं बघितलं. पास!

आता परवा समुद्र. होडीत मला जागा आहे, जोडीदार म्हणून. आणि काल डॉक्टरांकडे गेलो, पट्टा बांधला, हवा भरली, काटा चढेचना! डॉक्टर खूश, "वा, अस्सेच शांत राहा." हे म्हणतात शांत राहा, ही म्हणते खबरदार शांत राहिलात तर. आणि मला तर आता ती सवयच लागलीय हो, बसल्या जागी आपोआप सुरू होतं, चार आत, आठ बाहेर… ही आत पिशवी भरतेय, गुणगुणतेय, आणि मी इथं जीव टांगणीला लावून बसलोय, की ऐन समुद्रावर मला नेमकं बरं वाटायला लागलं… तर करायचं काय?