डेबीचं भांडं

कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या विशाखाला मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं, तसा तिने मोबाइल हळूच पालथा ठेवला.

“अहो, आपली सोनल विचारतेय, तिच्याकडे ओमाहाला परत कधी येताय?”

“अमेरिका बघून झाली, प्रभा. चौकात चारही गाड्या थांबतात आणि सगळे हसून हात करतात, आधी तुम्ही जा! कुवेतात हॉर्नवर गाडी चालवलेला माणूस मी. त्या चौकातच म्हातारा व्हायचो.”

“पण शेजारची डेबी किती गोड!”

“तिनं भांडं भरून भाजलेले बटाटे दिले, तू त्यातून करंज्या पाठवल्यास. मग तिचा केक, तुझे चिरोटे. उन्हाळाभर ते भांडं कुंपणावरून ये-जा करत होतं.”

“रिकामं कसं परत द्यायचं?”

“शेवटी राहिलं कुणाकडे?”

“निघायच्या दिवशी सकाळी ती मक्याचा पाव घेऊन आली हो. करायला वेळ कुठं होता मला?”

“म्हणजे भांडं कुवेतला आलंय?”

“तुमच्या स्वेटरात गुंडाळून आणलंय.”

विशाखाचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

“बरं. मग तिकिटं कधीची बघू?”

“दिवाळीनंतरची बघा. अनारसे टिकतात.”