नळ गोठू नयेत म्हणून

दिनांक १ जानेवारी २००५, रास अल खैमा.

जबाब देणार : समिधा जानू घवाळी, वय २४ वर्षे, शिक्षण बी.कॉम., धंदा नोकरी (ऑफिस असिस्टंट), सध्या राहणार मामांच्या घरी, नखील, रास अल खैमा. मूळ गाव तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी.

मी समक्ष हजर राहून सांगते की, पोलीस साहेबांनी मला पहिला प्रश्न असा विचारला : नळातले पाणी गोठेल हे तुम्हाला कळले, मग पायरीवर सांडलेले पाणीही गोठेल हे का कळले नाही? याचे उत्तर मला देता येत नाही. मी तीन दिवस विचार केला आहे. बाकी मला जे माहीत आहे ते पुढे सांगते. मला अरबी येत नाही, म्हणून मराठीत लिहून देत आहे.

आमची कंपनी परदेशी मालकांची सुट्टीची घरे सांभाळते. त्यांपैकी एक घर डोंगरावर आहे. तिथपर्यंत कच्चा रस्ता आहे आणि पाणी आठवड्यातून एकदा छोट्या टँकरने चढवावे लागते. मयत गणू रामा डिंगणकर, वय ४९, हे तीन वर्षांपासून त्या घराचे राखणदार होते. त्याआधी आठ वर्षे ते हमरियाला बांधकामावर होते. त्यांचे गाव माझ्या गावापासून दोन कोसांवर आहे. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला बाय म्हणत.

रविवार, २६ डिसेंबर रोजी सकाळी दहाच्या सुमारास घरमालकांचा फॅक्स आला. डोंगरावर कडाक्याची थंडी पडणार आहे, पाइप गोठून फुटतील, तरी काळजी घ्यावी, असा मजकूर होता. त्यात दोन उपाय होते. एक, मुख्य व्हॉल्व्ह बंद करून घरातले सगळे पाणी काढून टाकणे. दोन, पाइपांना कापड गुंडाळून सर्व नळ रात्रभर बारीक धारेने चालू ठेवणे, म्हणजे वाहते पाणी गोठत नाही. यांपैकी दुसरा उपाय मी निवडला. ३० तारखेला पाहुणे येणार होते आणि पाणी काढून टाकले तर काकांना प्यायलाही राहिले नसते. मॅनेजर एल्रॉय सरांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, तुला बरोबर वाटते ते कर.

गणूकाका चौथी शिकलेले होते. मी सूचना मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून काढल्या. ज्याला काम करायचे आहे त्याला ते त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, असे माझे मत आहे. कागदाच्या शेवटी मी लिहिले, ‘एकही नळ फुटता कामा नये.’ त्याखाली रेघ मारली.

सोमवारी, २७ तारखेला, मी ड्रायव्हर कमरुद्दीन यांच्या पिकअपमधून वर गेले. कमरुद्दीन हे खेडकडचे आहेत. आम्ही तिघांनी दुपारपर्यंत पाइपांना गोणपाट गुंडाळले. कमरुद्दीन म्हणाले, “नळांना स्वेटर मिळाले गणू, तुला कधी मिळणार?” काका म्हणाले, “नळ फुटला तर साहेब ओरडतो. मी फुटलो तर कोण ओरडणाराय?” आम्ही तिघेही हसलो.

मी कागद वाचून दाखवला. नळ चालू ठेवण्याच्या सूचनेशी काका थांबले. त्यांनी ती ओळ स्वतः बोट ठेवून पुन्हा वाचली. ते म्हणाले, “बाय, चांगलं पाणी रात्रभर असंच सोडून द्यायचं?” मी सांगितले की साहेबांच्या देशात असेच करतात. ते म्हणाले, “तू लिवलंस म्हंजे करतो.” कागद त्यांनी भाताची शिते लावून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला.

मंगळवारी, २८ तारखेला, सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला. सगळे नळ ठीक होते. ते म्हणाले की पाणी वाया जाऊ दिले नाही, प्रत्येक नळाखाली बादली ठेवली आणि भरली की गच्चीवरच्या टाकीत नेऊन ओतली. पहाटेपर्यंत एकोणीस बादल्या झाल्या. समोरचा डोंगर पांढरा झाला आहे, तू बघायला हवी होतीस, असेही म्हणाले. मी त्यांना शाबास म्हटले. बादल्या कुठून वर नेल्या, हे मी विचारले नाही. गच्चीचा जिना घराबाहेर आहे, सिमेंटचा, सतरा पायऱ्यांचा, कठडा नाही. तो मी आदल्या दिवशी पाहिला होता.

बुधवारी, २९ तारखेला, सकाळी सव्वासातला कमरुद्दीन टँकर घेऊन वर पोहोचले. काका जिन्याच्या पायथ्याशी पडलेले होते. अंगावर एकच स्वेटर होता. बादली शेजारी आडवी होती आणि तिच्या तळाशी बर्फ धरला होता. कमरुद्दीन वर चढू लागले तर तिसऱ्या पायरीवर त्यांचाही पाय घसरला. हे त्यांनी मला फोनवर सांगितले. मी सव्वाअकराला पोहोचले, पोलीस त्याच्या थोडा वेळ आधी पोहोचले होते. तोपर्यंत जिन्यावर ऊन आले होते. पायऱ्या कोरड्या होत्या. बर्फ मी स्वतः पाहिलेला नाही. घरातले सर्व नळ चालू होते आणि प्रत्येकाखाली भरून वाहणारी बादली होती. ते नळ मी बंद केले. एकही पाइप फुटलेला नाही.

गुरुवारी मी काकांच्या पत्नी सत्यभामाबाई यांना गावातल्या दुकानाच्या फोनवर बोलावून घेतले. नळ चालू ठेवायला मी सांगितले होते, हे त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, “हातात बादली होती ना?” मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, “इथं असते तरी त्यांनी सोडलं नसतं पाणी.” कार्ड संपून फोन बंद झाला.

शुक्रवारी एल्रॉय सरांनी मला घरून बोलावून घेतले. त्यांनी कंपनीतर्फे एक पत्र टाइप केले होते. मयत कोणतेही काम नसताना बर्फ बघायला आपणहून गच्चीवर गेला व तोल जाऊन पडला, असे त्यात लिहिले होते. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. कामावर असताना मृत्यू अशी नोंद झाली तर कंपनीला उत्तर द्यावे लागेल आणि घरच्यांचा भरपाईवर हक्क लागेल, हे त्यांनीच मला समजावले. मी भिंतीवरच्या कागदाचे विचारले. ते म्हणाले, “तो मराठीत आहे. इथे कोणाला वाचता येतो?” मी म्हटले, “गणूकाकांना येत होता, सर.”

एल्रॉय सर वाईट नाहीत. माझ्या नोकरीसाठी त्यांनीच शब्द टाकला होता. त्यांचे डोळे लाल होते. ते म्हणाले, “समिधा, माणूस गेला, खलास. तुझा विसा कंपनीचा आहे. घरी तू एकटीच शिकलेली ना? मग तुझ्या घरच्यांचा विचार कर.” मी केला. पत्रावर मी सही केलेली नाही.

भिंतीवरचा कागद बुधवारीच पोलिसांनी काढून घेतला आहे. त्यावरचे अक्षर माझे आहे. गणू रामा डिंगणकर पडले तेव्हा ते मी दिलेले काम करत होते. पाणी वर नेणे कागदात नव्हते, पण मला ते माहीत होते आणि मी त्याबद्दल त्यांना शाबास म्हटले होते, म्हणून तेही काम धरावे. माझ्या माहितीत यापेक्षा वेगळे काही नाही.

वरील मजकूर दुभाष्यांनी अरबीत उतरवला व तो मला हिंदीत सावकाश ऐकवला. एका ठिकाणी ‘घसरला’ऐवजी ‘उतरला’ असे झाले होते, ते दुरुस्त करून घेतले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून सही करते. ऑफिसची किल्ली, कंपनीचा मोबाइल आणि माझा राजीनामा इथे येण्याआधी मी एल्रॉय सरांच्या टेबलावर ठेवून आले आहे.

समिधा जानू घवाळी