सुधाकरने मागितलेली दोन दारं

आदरणीय रेखावहिनी, प्रज्ञा, आणि सुधाकरसाठी या हॉलमध्ये जमलेल्या सर्व स्नेहीजनांनो,

मी श्रीरंग बापट. शिक्षणाने एम.कॉम., व्यवसायाने अकाउंटंट, आणि आपल्या मराठी मंडळाचा कार्यवाह. सुधाकर लोणारे माझा मित्र होता. त्याला निरोप देण्यासाठी आणि माझं एक वाक्य परत घेण्यासाठी मी इथे उभा आहे.

आत्ताच त्रिशरण-पंचशील झालं. त्यानंतरची शांतता मोडणं जड जातं आहे. बोलताना सोयीचे शब्द निवडण्याची सवय माणसाला असते, मलाही आहे. म्हणून लिहून आणलं आहे. कागद खाली ठेवणार नाही.

सुधाकर नागपूरचा, मी पुण्याचा. एरवी आमची गाठ पडायचं कारण नव्हतं. इथे न्यू जर्सीत, आयसेलिनच्या एका दुकानात तो चहापत्तीच्या दोन डब्यांवरची लेबलं वाचत उभा होता आणि मीही तेच करत होतो. तो म्हणाला, "काऊन भाऊ, तुम्हीही ऑडिटर का?" त्या दिवसापासून मी त्याचा ऑडिटर झालो. फोन उचलला की तो "जयभीम, ऑडिटर" म्हणायचा. मी म्हणायचो, "हं, बोल." इतकी वर्षं मी फक्त "हं, बोल" म्हणालो.

मंडळात दरवर्षी कॉलेज मार्गदर्शनाचा कार्यक्रम होतो. तो मी घेतो. तुमच्यापैकी बहुतेकांची मुलं त्यात बसून गेली आहेत. एका वर्षी पालकांनी आग्रह केला की नेदरलँड्सची माहिती द्या, तिथे इंग्रजीतून शिकता येतं म्हणे. मी अभ्यास केला. स्लाइड केली. त्या देशात विद्यापीठं मुख्यतः दोन प्रकारची. एक संशोधनाची: तिथे पदवी साधारण तीन वर्षांची, सिद्धांतावर भर, आणि पुढे पीएचडीची वाट. दुसरी उपयोजित विज्ञानाची, तिला डच लोक होगेस्खोल म्हणतात: तिथे चार वर्षं, आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष कामावर, कंपनीत, इस्पितळात, बांधावर. अमेरिकेतला हायस्कूल डिप्लोमा होगेस्खोलला सहसा चालतो. संशोधन विद्यापीठाला त्याच्या जोडीला एपीचे, म्हणजे हायस्कुलातच घेतलेले कॉलेजच्या पातळीचे, विषय लागतात.

हे सगळं बरोबर होतं. मी दोनदा तपासलं होतं. आणि मग, लोकांना चटकन कळावं म्हणून, मी एक जिना काढला. वरच्या पायरीवर संशोधन विद्यापीठ. खालच्या पायरीवर होगेस्खोल.

तुम्हाला आठवत असेल, मागच्या रांगेतून एक हात वर आला होता.

"ऑडिटरसाहेब, पायरी काऊन काढली? दोन दारं काढा ना."

सगळे हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "सुधाकरराव, दारं सारखी असती तर एकाला एपी लागले असते आणि दुसऱ्याला नसते, असं झालं असतं का? होगेस्खोल ही काही खरी युनिव्हर्सिटी नव्हे."

त्यावर आणखी हशा झाला. त्याची लेक प्रज्ञा त्याच्या शेजारी बसली होती. ती हसली नव्हती.

प्रज्ञाला काय शिकायचं होतं, हे मला ठाऊक होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीतल्या घरांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं. लोणाऱ्यांच्या घरी वॉशिंग मशीन तरंगत होतं आणि ही मुलगी गुडघाभर पाण्यात उभी राहून विचारत होती, "बाबा, पण हे पाणी आलं कुठून?" तिला पाण्याचं व्यवस्थापन शिकायचं होतं. बंधारे, पंप, नाले. जिथे हात पाण्यात घालून शिकवतात, तिथे. म्हणजे होगेस्खोलमध्ये. तिच्याकडे एपी होते. तिला वरची पायरी मिळत होती. मी सुधाकरला गाडीत बसवून समजावलं, "मिळतंय तर खाली कशाला पाठवतोस?"

त्याने सीटबेल्ट लावला. मग विचारलं, "ऑडिटर, दहावीला तुला मार्क चांगले होते ना बे?"

"होते."

"मग सायन्स सोडून कॉमर्सला काऊन गेला?"

"मला आवडायचं."

"घरी काय म्हणाले?"

मी सांगितलं. आमच्या काकांनी भर पंगतीत म्हटलं होतं, मार्क वाया घालवले पोराने. आमच्या घरात सायन्स वर, कॉमर्स त्याखाली आणि आर्ट्स तळाला. त्या पंगतीत मी जेवण अर्धं टाकून उठलो होतो.

सुधाकर म्हणाला, "बस. एवढंच विचारायचं होतं."

मित्रहो, उतरंड म्हणजे काय, हे सुधाकरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या आजोबांच्या पिढीने ती अंगावर झेलली होती. मी ती पंगतीत एकदा चाखली, तरी माझा घास अडकला. आणि तरीही चित्र काढायची वेळ आली, तेव्हा माझ्या हाताने जिनाच काढला. पुढच्या वर्षी मी तीच स्लाइड दाखवली. त्याच्याही पुढच्या वर्षी. प्रत्येक ओळ बरोबर आहे, मग बदलायचं काय, असं मी स्वतःला सांगत राहिलो. ओळी बरोबर होत्या. चित्र चूक होतं.

प्रज्ञा होगेस्खोललाच शिकायला गेली. बापाने पाठवलं. त्यानंतर गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या बारशाला लोक सुधाकरला विचारत राहिले: "मग खऱ्या युनिव्हर्सिटीत कधी जाणार पोरगी?" तो हसून म्हणायचा, "आमच्या ऑडिटरला विचारा." एकदा मला म्हणाला, "चल ना यार माझ्यासोबत. पोरीने बांधाचं काम केलंय, बघून तर ये." मी म्हणालो, "ऑडिट सीझन आहे." तो एकटा गेला. परत आला तेव्हा फोनवर मला एक फोटो दाखवला. मातीचा एक लांबलचक बांध होता. मी विचारलं, "प्रज्ञा कुठे आहे यात?" तर म्हणाला, "अबे, हा बांधच पाह ना."

आता गेल्या पंधरवड्यातलं सांगतो. सुधाकर कामावरून आला आणि घराच्या दारातच गेला. प्रज्ञा मिळेल त्या विमानाने आली. तिचं शेवटचं वर्ष आहे. तिचा अखेरचा प्रकल्प तिथे एका गावात अर्ध्यावर थांबला आहे. आणि त्या घरात, वहिनींच्या समोर, आपल्यातलंच कुणीतरी तिला म्हणालं, "आता आईजवळ राहा. इथे चांगल्या कॉलेजात घाल नाव. ती काही खरी युनिव्हर्सिटी नव्हे, सोडली तर काय बिघडलं?"

बोलणाऱ्याचा दोष नाही. ते वाक्य माझं होतं. शब्दही माझेच होते. मी तिथे खुर्चीत बसलो होतो, आणि मी गप्प राहिलो.

प्रज्ञा फक्त एवढंच म्हणाली, "आय हॅव टू फिनिश इट, काका." म्हणाली माझ्याकडे पाहून.

नंतर स्वयंपाकघरात वहिनींनी मला थांबवलं. म्हणाल्या, "भाऊजी, तिने जावं असं मलाही वाटतं. पण मी म्हटलं तर लोक म्हणतील, आई किती कठोर. तुम्ही बोला. तुमचं ऐकतात." वहिनी, तुम्ही हे रागाने म्हणाला असतात तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून सर्वांसमोर सांगतो. होगेस्खोल ही खरी युनिव्हर्सिटी नव्हे, हे माझं विधान मी मागे घेतो. ती दुसऱ्या प्रकारची युनिव्हर्सिटी आहे. एकीत ज्ञान शोधतात, दुसरीत ते कामाला लावतात. सुधाकरला हे माझी स्लाइड पाहताक्षणीच कळलं होतं. यंदाच्या कार्यक्रमात जिना नसेल. दोन दारं असतील, एकाच उंचीची. पण ती पाहायला मागच्या रांगेत तो नसेल. हे मला दुरुस्त करता येत नाही.

माझी एक विनंती आहे. आता आपण उभे राहू आणि दोन मिनिटं शांत राहू. त्यानंतर प्रज्ञाला भेटायला जाल, तेव्हा तिला सल्ला देऊ नका. वहिनींच्या सोबतीला आपण आहोत. बेसमेंटमध्ये पाणी आलं तर बादल्या घेऊन आपण जाऊ. तिला फक्त "जा" म्हणा.

पहिल्यांदा मीच म्हणतो. प्रज्ञा, जा बेटा. तुझा बांध पुरा कर. पुरा झाला की मला बोलाव. सीझन कुठलाही असो, मी येईन.

आणि सुधाकर, तुझ्या इतक्या वर्षांच्या फोनचं उत्तर राहिलं होतं.

जयभीम.

श्रीरंग बापट
आयसेलिन, न्यू जर्सी
रविवार, शोकसभेचा दिवस