एका 'अरे'ची घासाघीस

मला भाव करता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तरीही मी एकदा वीस हजार कमी करून घेतले, तेही नकळत.

आवडी या तमिळ शहरातल्या आमच्या घरावर खोली वाढवत होतो. तिथल्या बाथरूमच्या नळकामाचे दोघांनी साठ-पासष्ट हजार सांगितले होते. तिसरा मुरुगन. तो म्हणाला, "ऐंशी."

माझ्या तोंडून निघालं, "अरे..."

मुरुगन दचकला. "निम्म्यात कसं होईल अम्मा? पाइपसुद्धा येणार नाहीत."

तमिळ बोलण्यात 'अरे' म्हणजे अर्धं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी गडबडून म्हटलं, "अरे, अरे..."

"बरं, साठ. त्याखाली मला परवडत नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि वाईटही वाटलं. मी आमच्या ह्यांना मराठीत म्हटलं, "अहो, त्याला सांगा ना, मी भाव करत नव्हते. मला नुसतं आश्चर्य वाटलं."

मुरुगनने विचारलं, "अम्मा काय म्हणतात?"

एरवी माझ्या तमिळला हसणारे हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साठ चालतील, पण नळ त्यातच धरा म्हणते."