कुंभाराच्या नडगीतली भोकं

"माणूस मातीत जातो हे जुनं झालं, आता माती माणसात जाते!" डॉक्टरांच्या खोलीतून कुबडीवर बाहेर येत कुंभाराने जाहीर केलं.

"अहो, हळू. नडगीत भाजल्या मातीसारखा सिरॅमिकचा सुपारीएवढा तुकडा बसवलाय, भट्टी नाही," बाकावर बसलेली त्याची बायको म्हणाली.

शेजारच्या बाकावर, हात गळ्यात बांधलेल्या मास्तरांनी कान टवकारले.

"अगं, भोकं पडलेलं मडकं मी जन्मभर फोडत आलो. आणि हा तुकडा मुद्दाम भोकांचा! त्या भोकांत हाडाच्या पेशी शिरल्या, चिकटल्या, नवं हाड धरलं."

"एक्स-रेच्या फोटोत दिसलं?"

"तुकडा कुठे संपतो नि मी कुठे सुरू होतो, ते डॉक्टरांनाही सांगता येईना."

"मग चाकावर बसता येईल?"

"पुढच्या महिन्यात."

तो बाकावर टेकला नि पाय लांब केला. ती त्या पायाकडे बघतच राहिली. मास्तरही.

"अहो..." बायको म्हणाली.

"काय?"

"तो पाय जरा माझ्या पिशवीवरून काढा. आत केळी आहेत."