दबक्या आवाजातलं स्तोत्र

जिबेक : आपा, माईकवर किटलीचं टोपडं कोणी घातलं?

युस्टिना : मी. ऐकत होता मेला.

जिबेक : अहो, तो बंद आहे! वायरसुद्धा जोडलेली नाही. तुम्हाला सवय व्हावी म्हणून काल नुसता टेबलावर ठेवून गेले मी.

युस्टिना : बंद असलेलेच जास्त ऐकतात. तुला काय ठाऊक? तू जन्मलीस तेव्हा प्रार्थनेवर बंदी घालणारं ते राज्य कधीच बुडालं होतं. आमच्या वेळी असली वस्तू एखाद्याच्या घरात दिसली की दोनच अर्थ. एक तर तो त्यांचा माणूस, नाहीतर त्याची पाळी आलेली.

जिबेक : आता तिसरा अर्थ. ईस्टरच्या उपासनेत तुम्ही गाणार.

युस्टिना : गातेच की. दुसऱ्या बाकावर बसून दर रविवारी गाते.

जिबेक : गाता? आपा, मी कॅमेऱ्यामागे उभी असते. तुमचे ओठ हलताना दिसतात, बस्स. माशासारखे.

युस्टिना : जरा वयाचा मान ठेव, पोरी. माशासारखे म्हणे!

जिबेक : मी नाही, तुमची सख्खी बहीण म्हणते. आगाथाआपांचा जर्मनीहून निरोप आलाय. मलाच पाठवलाय त्यांनी, तुम्हाला सांगून उपयोग नाही म्हणून.

युस्टिना : काय म्हणते?

जिबेक : म्हणाल्या, ‘दर रविवारी फोनवर तुमची उपासना लावून बसते. ढोल ऐकू येतो, गिटार ऐकू येते, तुझा पाळक दादा ऐकू येतो. युस्टिना नुसती दिसते. घर सोडलं तेव्हापासून तिला गाताना ऐकलं नाही. मंगळवारी माझं हृदय उघडणार आहेत, त्याआधी एकदा ऐकव.’

युस्टिना : हृदय उघडणार? मला तर म्हणाली, किरकोळ तपासणी आहे.

जिबेक : अगं बाई. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

युस्टिना : आता झालं. तू चहा घे. हे तळलेले बोर्सोक घे, कालचे आहेत पण मऊ आहेत.

जिबेक : आपा, तुम्ही तेव्हाच का नाही गेलात त्यांच्याबरोबर? निम्मं गाव गेलं ना जर्मनीला, पूर्वजांच्या देशात?

युस्टिना : गाय व्यायला झाली होती. म्हटलं, वसंतात येते. मग वासरू लहान होतं. मग नवरा म्हणाला, इथले डोंगर तिकडे कुठून आणायचे? असं करत करत राहिले. तू खा ना.

जिबेक : खाते. पण गाल ना? मोठ्यानं?

युस्टिना : येत नाही गं.

जिबेक : येत नाही म्हणजे?

युस्टिना : म्हणजे येत नाही. कुणाला पोहता येत नाही, तसं. आमच्या घरी उपासना असली की वडील टेबलावर मेणबत्ती लावायचे. खिडक्यांना गोधड्या. भोवती आई, काका, मी, आगाथा आणि शेजारची दोन घरं. ज्योत हलली की वडील बोट वर करायचे, की गाणं बंद. असं गायचं की ज्योतीलासुद्धा कळू नये. गळा त्यातच घडला माझा. राज्य बुडालं, गोधड्या निघाल्या, पण गळ्याला कोण सांगणार?

जिबेक : आणि आगाथाआपा?

युस्टिना : तिला भारी हौस मोठ्यानं म्हणायची. तिच्या तोंडावर हात ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

जिबेक : आणि प्रवचन? तेही कुजबुजत?

युस्टिना : प्रवचन रेडिओवर. दूरदेशातून एक माणूस पवित्र शास्त्र वाचायचा. पुस्तकं मिळत नव्हती ना, म्हणून लोकांना उतरवून घेता यावं अशा बेतानं, सावकाश, विरामचिन्हांसकट. आमचे म्हातारे पाळक त्याचंच ऐकून बोलायला शिकले. बिचारे जन्मभर तसेच बोलले. जेवायला बसले की म्हणायचे, ‘हे आमच्या बापा, स्वल्पविराम, या भाकरीवर आशीर्वाद दे, पूर्णविराम.’

जिबेक : खोटं!

युस्टिना : आमच्यात शपथ घेऊ नये म्हणून घेत नाही. माझं लग्न त्यांनीच लावलं. नवऱ्याला विचारलं, ‘तू हिचा स्वीकार करतोस का, प्रश्नचिन्ह.’

जिबेक : आणि ते काय म्हणाले?

युस्टिना : ‘करतो, पूर्णविराम.’ त्याच्यावर जीव जडला तो तिथंच.

जिबेक : आपा, शनिवारी या ना प्रार्थनाघरात. नुसतं माईकजवळ उभं राहून बघा. नाही जमलं तर टोपडं मी स्वतः घालीन.

युस्टिना : बघते. तू आधी ते टोपडं माझ्या किटलीवर घाल. चहा निवतोय.

* * *

कुबानिच : जिबेक, उद्याच्या गाण्यांत हे कुठलं स्तोत्र घुसवलंस?

जिबेक : युस्टिनाआपांचं आहे, दादा. जुनं. त्या म्हणणार आहेत.

कुबानिच : सात कडवी आहेत याला!

जिबेक : तीनच म्हणतील.

कुबानिच : त्या चालीत तीन म्हणजे उन्हाळा उजाडेल. मी पाळक आहे, मला आपांबद्दल आदर आहे. पण तूच मला दाखवलंस ना, माणसं कशी निघून जातात ते? दोन गाणी बघतात आणि जातात.

जिबेक : जातात कुठं?

कुबानिच : मांजरांचे व्हिडिओ बघायला. मी मांजरांशी स्पर्धा करतोय, जिबेक. दर रविवारी. म्हणून प्रवचन आखूड केलं, म्हणून ढोल आणला, म्हणून पडद्यावर ढग सोडले.

युस्टिना : आणि कोण जिंकतंय?

कुबानिच : आपा! तुम्ही कधी आलात? या, बसा. जिबेक, खुर्ची दे.

युस्टिना : उभीच बरी. दोन शब्द सांगायचेत आणि जायचंय. मी गाणार नाही.

जिबेक : आपा!

युस्टिना : घरी दार लावून करून बघितलं. मोठ्यानं म्हणायला गेले तर बदकासारखा आवाज निघाला. कुत्रा उठून बाहेर गेला. आगाथानं हृदय उघडायच्या आधी बदक ऐकावं असं मला वाटत नाही.

कुबानिच : तुमची इच्छा, आपा. मी आग्रह करत नाही.

युस्टिना : तू आग्रह करत नाहीस कारण तुला सुटल्यासारखं झालंय. लहानपणी दहा आज्ञा पाठ करून आला नसलास की असाच चेहरा असायचा तुझा. मीच शिकवायचे ना तुला?

कुबानिच : आपा, राग मानू नका. अर्धी मंडळी आता जर्मनीत आहे. तुमच्याच घरातली, तुमच्याच गल्लीतली माणसं. कॅमेऱ्याच्या त्या काचेतूनच भेटतात मला. त्यांच्याकडे बघून बोलायला नको?

युस्टिना : बघ की. पण मागच्या रविवारी तू म्हणालास, ‘माझ्या भावाबहिणींनो, तुमचे अश्रू मला दिसतात.’ आठवतं?

कुबानिच : आठवतं.

युस्टिना : ते तू खांबाला म्हणालास. खांबाशी कॅमेरा होता. आणि तुझ्यासमोर पहिल्या बाकावर तुर्सुनाय खरोखर रडत होती.

कुबानिच : तुर्सुनायमावशी? का?

युस्टिना : तिचा पोरगा रशियात कामाला गेलाय. महिना झाला, फोन नाही.

कुबानिच : मला कुणी बोललं नाही.

युस्टिना : बोलायला कशाला हवं? चेहरा होता ना समोर.

जिबेक : दादा, तू खाली बसतोस का जरा?

कुबानिच : नको. ठीक आहे मी. आपा, तुम्ही बरोबर बोललात. लागलं, पण बरोबर बोललात.

जिबेक : मग मी एक सांगू? दोघंही ऐका, मध्ये बोलू नका. दादा, उद्या तू खांबाकडे बघायचं नाहीस. जे समोर बसलेत त्यांच्याशी बोलायचं. आणि आपा, तुम्ही गायचं. बदक तर बदक.

युस्टिना : हा कसला सौदा? त्याला फक्त मान वळवायचीय.

कुबानिच : आपा, मला त्या काचेची भीती वाटत नाही. माणसांच्या डोळ्यात बघत बोलायची वाटते. म्हणून तर मी काच धरली. सौदा सारखाच आहे.

युस्टिना : असं होय? मग हे तू आधी का नाही सांगितलंस, गाढवा? बरं. लाव तो माईक. पण ऐक, ढोल वाजवणाऱ्याला सांग, माझ्या अंगावर येऊ नकोस म्हणावं.

* * *

(ईस्टरचा रविवार. उपासना संपली आहे. प्रार्थनाघराच्या अंगणात लोक रंगवलेली अंडी वाटत आहेत.)

कुबानिच : जिबेक, प्रवचन कसं दिसलं? खरं सांग.

जिबेक : भिंत छान दिसली.

कुबानिच : कुठली भिंत?

जिबेक : तू खांबाकडे बघणार नाहीस हे ठरलं होतं. तू खाली उतरून तुर्सुनायमावशींच्या शेजारी बसशील आणि तिथूनच बोलशील, हे नव्हतं ठरलं. मी इकडे आपांच्या माईकपाशी, कॅमेरा वळवणार कोण? सगळ्या जगानं एक पांढरी भिंत आणि एक फुलदाणी बघितली. आवाज तेवढा येत होता.

कुबानिच : अरे देवा. किती जण निघून गेले?

जिबेक : तेच तर! कुणी जाईना. एका आजोबांनी लिहिलंय, ‘फार वर्षांनी रेडिओ ऐकल्यासारखं वाटलं.’

कुबानिच : बोलत होतो तेव्हा कॅमेरा डोक्यातच नव्हता. मावशींनी मनगट धरून ठेवलं होतं माझं. सोडेचनात.

युस्टिना : घ्या, अंडी घ्या. आणि माझ्या फजितीबद्दल कुणी बोलत नाही, हे बरं करताय.

जिबेक : फजिती कसली?

युस्टिना : तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. सगळ्यांनी बघितलं. वाटलं, आता ढोलामागं जाऊन बसावं. मग म्हटलं जाऊ दे, येतं तसंच म्हणावं. म्हटलं तसंच. घरच्यासारखं.

जिबेक : आणि मी माईक तुमच्या हनुवटीशी आणला. आपा, मी तीन वर्षं हे यंत्र हाताळते. मला वाटायचं, हे मोठ्यानं गाणाऱ्यांसाठी असतं. मोठ्यानं गाणाऱ्याला कशाला हवं हे? हे तुमच्यासारख्यांसाठी केलंय कुणीतरी.

कुबानिच : ढोलवाल्याचे हात वरच राहिले. खाली यायची छाती होईना त्यांची. आणि मग मागून हळूहळू सगळे... आपा, एवढी माणसं एकदम दबक्या आवाजात गाताना मी कधी ऐकली नव्हती. दाराबाहेरच्या कालव्याचं पाणी ऐकू येत होतं मधूनमधून.

युस्टिना : मला वाटलं, कीव येऊन करतायत माझ्यासारखं.

कुबानिच : छे हो. तुमचा आवाज बुडू नये म्हणून.

युस्टिना : हं. बरं. अंडं सोल की, नुसता हातात काय धरून बसलास? जिबेक, तिचा काही निरोप?

जिबेक : आगाथाआपांचा? नाही अजून. मी दोनदा बघितलं.

युस्टिना : बघत होती का ती?

जिबेक : त्यांचं नाव दिसलं नाही मला. पण बघणारे खूप होते, आपा, मधे निसटलं असेल.

युस्टिना : असेल. मीठ कुठं ठेवलंय?

* * *

युस्टिना : जिबेक! लवकर ये! हा वाजतोय आणि त्यात तिचं तोंड दिसतंय. कुठं दाबू?

जिबेक : हिरवं दाबा, आपा. हिरवं! हां. आता बोला.

युस्टिना : आगाथा? आगाथा, जिवंत आहेस?

आगाथा : आहे. आज शुक्रवारपर्यंत तरी आहे. हळू बोलते हं, डॉक्टरांनी ताकीद दिलीय. मोठ्यानं बोलायचं नाही.

युस्टिना : तुला? बिचारे डॉक्टर.

आगाथा : हसवू नकोस, टाके ओढतात.

युस्टिना : किरकोळ तपासणी काय गं? लाज नाही वाटली?

आगाथा : तू काळजी करत बसली असतीस.

युस्टिना : मग हे पाच दिवस मी दुसरं काय करत होते? जिबेकला जेवू दिलं नाही मी. सारखं, बघ, आला का, बघ, आला का.

जिबेक : खरंय, आगाथाआपा. मी सुकलेय बघा.

आगाथा : माझा फोन शनिवारीच पडून फुटला गं. दवाखान्यातल्या नर्सनं आपल्या फोनवर लावून दिलं सगळं, आताही तिचाच फोन आहे हातात. पण निरोप पाठवायचा कसा ते तिला माझ्या मोडक्या जर्मनमधून समजावेपर्यंत मंगळवार उजाडला आणि मला आत नेलं.

युस्टिना : म्हणजे ऐकलंस?

आगाथा : ऐकलं. दुसऱ्या कडव्याचे शब्द चुकलीस.

युस्टिना : आपल्या घरी तसेच म्हणायचे.

आगाथा : आपल्या घरी तू तसे म्हणायचीस. मी बरोबर म्हणायला लागले की तोंड दाबायचीस.

युस्टिना : आरडायचीस तू. बाहेर कुणी ऐकलं असतं तर?

आगाथा : रविवारी नाही आरडले. तुझ्याबरोबर म्हटलं, पण अगदी हळू. शेजारच्या खाटेवर एक तुर्की बाई झोपली होती. तिचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालेलं. म्हटलं, झोपमोड नको.

युस्टिना : झालीच असेल. तुझं हळू मला माहितीय.

आगाथा : झाली.

युस्टिना : मग? चिडली?

आगाथा : डोळे उघडले, बघत राहिली. मी गप्प झाले. तर तिनं उशीवरून हात उचलला आणि असा हलवला, थांबू नका म्हणून.